ड्रायव्हरकाकांचा करंज

बोलता बोलता ते समोरच्याचा दंड धरायचे आणि त्याला हळूच सावलीत ओढायचे. "हिकडं या की! उन्हात कशाला बोलायचं?" पोस्टमन असो की मतं मागायला आलेला उमेदवार, सावलीत आल्याशिवाय ते कुणाचं ऐकून घेत नसत.

सिडकोतल्या आमच्या गल्लीतले हे शेजारी. एसटी चालवत कन्नड-वैजापूरच्या रस्त्यांवर आयुष्य गेलेलं, म्हणून आम्ही त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायचो. गल्लीने वर्गणी काढून दारोदार शोभेचे पाम लावले, तेव्हा काकांनी विचारलं, "ह्याच्याखाली शेळी तरी बसंल का?" आणि आपल्या फाटकाशेजारी करंज लावला.

नळाला पाणी आठवड्यातून एकदा. काका मोठ्या टबात उभं राहून आंघोळ करायचे आणि तेच पाणी करंजाला घालायचे. काकू हसायच्या, "माणूस पारोसा राहील, पण झाड नाय तहानायचं!"

करंज वाढला. ऐन उन्हाळ्यात, गल्ली तव्यासारखी तापलेली असताना, त्याची पोपटी पालवी गर्द व्हायची. फुलांचा सडा समोरच्या दारात जाई. तिथल्या वहिनी कुरकुरल्या की काका मुकाट्याने त्यांचंही अंगण झाडून येत.

काकू गेल्या. पुढे मुलाने मोटार घेतली. फाटक रुंद करायला हवं होतं.

"बाबा, झाड काढावं लागेल."

मला वाटलं, आता वाजणार. काकांनी खोडावर हात ठेवला. मग म्हणाले, "त्या अंगानं फोड."

"तिकडं तुमचा ओटा आहे!"

"व्हय. मला बसायला झाड हाय की."

तो ओटा त्यांनी काकूंसाठी बांधला होता. गुडघे दुखायला लागल्यापासून काकू तिथेच बसत. दोघांचा संध्याकाळचा चहाही तिथेच व्हायचा. गवंड्याने पहिला घाव घातला तसे काका आत निघून गेले. संध्याकाळी बाहेर आले, करंजाखाली दोन खुर्च्या मांडल्या आणि एकटेच चहा प्यायले. दुसऱ्या खुर्चीवर आम्ही कुणी बसलो नाही.

गेल्या मे महिन्यात काका गेले. भर दुपारी माणसं जमली. मंडपवाला मुलाला विचारू लागला, "साहेब, मंडप कुठं टाकू?"

मुलाने वळून पाहिलं. आलेली सगळी माणसं करंजाखाली दाटीवाटीने उभी होती. समोरच्या वहिनीही.

"मंडप नको," तो म्हणाला. "नुसत्या सतरंज्या आणा."