मंडईचं बोलावणं

ताट माझ्यासमोर होतं. भात, कोंबडीचा रस्सा, उडदाचे दोन वडे. मायनं वाढलेलं. मी हात धुऊन बसले होते. पहिला घास घ्यायला हात पुढे केला आणि काकानं काठीच्या टोकानं ताट मागे सरकवलं.

"आधी सही. मंग जेव."

माहेरच्या अंगणात. मंडईच्या दिवशी. शेजारच्या बाया कुडाच्या फटीतून बघत होत्या. माझं वय एकेचाळीस. मला दोन मुली आहेत, थोरली दहावीला. आणि मला कुत्र्यासारखं अन्न दाखवून मागे घेत होते.

हा काका माझा सख्खा नव्हे. गावच्या तलावाच्या पाण्याची समिती त्याच्या हातात आहे. कोणाच्या धानाच्या बांधीत पाणी सोडायचं, कोणाचं अडवायचं, हे तो ठरवतो. म्हणून अख्खं गाव त्याला काका म्हणतं. मीही लहानपणापासून म्हणत आले. त्याच्यासमोर माझा दादा कधी खाटेवर बसला नाही. त्या दिवशीही उभाच होता. माझ्याकडे पाठ करून.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, दंडार नाचते, लेकीबाळी माहेरी येतात. मला तीन वर्षं बोलावणं नव्हतं. मी येशूवर विश्वास ठेवते हे गावाला कळलं तेव्हापासून. यंदा दादाचा फोन आला. "बाई, मंडईले येजो. माय लय आठवन करून रायली."

मी फोन ठेवला आणि रडले. नवरा तुमसरच्या राइस मिलमध्ये पोती उचलतो. कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "तीन वर्सानं आठवन आली? जा. पन जपून." मी त्याच्यावर खेकसले. माझ्या भावावर संशय घेता म्हणून. माहेरच्या नावानं बाईची अक्कल गहाण पडते ती अशी. चार दिवस बसून मायसाठी दोन झंपर शिवले. साकोलीची एसटी धरली, एकोडीला उतरले, तिथून गावापर्यंत जवळजवळ पळतच गेले.

आणि अंगणात काका बसलेला. सोबत एक कागद.

मी दहावी शिकलेली आहे. कागद वाचला. माझ्याच नावानं कोणीतरी लिहिलेला. 'तुमसरच्या पास्टरने मला शिलाई मशीनचे आमिष दाखवून, आजाराची भीती घालून, माझा धर्म बदलवला.' खाली माझ्या सहीची जागा मोकळी.

सही झाली की पास्टर आत जाणार. सत्तरीचा माणूस. बायको लकव्यानं खाटेवर. त्यानं मला कधी काही दिलं असेल तर रविवारचा काळा चहा.

काकानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कपार कोरं ठेवून माहेरी आली. नवरा मेला का तुजा?"

कुडामागे कोणीतरी हसलं. माझे कान तापले. मी त्याला उत्तर दिलं नाही. दादाला विचारलं.

"दादा, मशीन कोनं देल्ली मले?"

तो पाठमोराच.

"माह्या लग्नात तूच देल्ली नं? सायकलवर बांधून आनली होती. मंग हे काहून लिवलं?"

आता कुडामागचं हसू दुसऱ्या कारणाचं होतं. काकाला ते झोंबलं. काठी आपटून तो ओरडला, "बाईमानसानं जास्त बोलू नोको! मशीन नाई त मंग काहून गेली तिथं? कोनं नेलं तुले?"

तेव्हा दादा वळला. पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे हात जोडत होते.

कारण मला तिथं त्यानंच नेलं होतं.

दादा मोहाची दारू प्यायचा. सकाळपासून. धान विकायला तुमसरला आला की आमच्याकडे उतरायचा आणि दारातच पडायचा. एकदा मिलमधल्या कोणीतरी त्याला पास्टरच्या घरामागच्या टिनाच्या खोलीत प्रार्थनेला नेलं. पुढे तो स्वतःहून जाऊ लागला. दारू सुटली. रविवारी तिथं ढोलक वाजवायचा. मला म्हणायचा, "चाल नं बाई, एकडाव. तिथं मले कोनी बेवडा म्हनत नाई." मी आधी त्याची टिंगल केली. मग गेले. गेले ती त्याच्या मागोमाग. त्याचं बदललेलं तोंड पाहून. मग तिथं मला जे सापडलं ते माझं होतं. पण वाट त्यानं दाखवली.

गावात कुणकुण लागली आणि त्याच्या बांधीचं पाणी अडलं. एका हंगामात उभं धान वाळून तणीस झालं. तो काकाच्या दारात गेला, नारळ फोडला, म्हणाला, मी कधी गेलोच नाही, बहिणीला आणायला जात होतो. तसं म्हणाला हे मला दुसऱ्यांकडून कळलं होतं. मी ते पोटात घातलं होतं. भीतीपोटी माणूस बोलून जातो.

पण आज समजलं. उशिरा पिकणाऱ्या भारी धानाच्या लोंबीत दाणा भरत होता. शेवटचं पाणी हवं होतं. ते पाणी माझ्या सहीवर अडलं होतं. म्हणून मंडई. म्हणून मायची आठवण. म्हणून कोंबडी कापली.

मला वाटलं, आपण इथंच मातीत जावं. रागानं नव्हे. लाजेनं.

तरी त्याचे डोळे पाहून मी खोटं बोलले. "माही मी गेली. मले कोनं नाई नेलं."

दादानं श्वास सोडला. आणि पुन्हा पाठ केली.

मग मी उरलेलं खरं बोलले. "मी येशूची आहे. मले कोनं फसवलं नाई. खोट्या कागदावर सही करत नाई."

काकानं कागद मायच्या हातात दिला. तूच समजाव म्हणून. माय माझ्याजवळ येऊन बसली. "कर नं बाई. एक सही त आहे. पानी भेटते त्याले."

त्या म्हाताऱ्या बाईवर मला चिडताही येईना. झंपरांची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि उठले. उपाशी.

मंडईतून गेले. दंडारीचे ढोल वाजत होते. जिच्यासोबत दहा वर्षं चिखलात रोवणी केली त्या मैत्रिणीनं बांगड्यांच्या दुकानात तोंड घातलं. पोरं मागून ओरडली, "हालेलुया बाई! हालेलुया बाई!" मोठी माणसं हसली. एकानंही पोरांना गप्प केलं नाही. एसटीत बसले तेव्हा कळलं, चप्पल अंगणातच राहिली.

तिसऱ्या दिवशी पास्टरवर तक्रार झाली. माझ्या सहीवाचून. खाली दादाची सही होती आणि मायचा अंगठा. लिहिलं होतं, 'पास्टरने आमच्या मुलीच्या डोक्यावर परिणाम केला आहे, तिला भलेबुरे समजत नाही.' म्हणजे मी वेडी. मी काय बोलते ते धरायचंच नाही.

ज्याला वाचवायला मी येशूचं नाव घेणाऱ्या तोंडानं खोटं बोलले, त्यानं केसानं गळा कापला. आणि मायचा अंगठा धरून कापला.

त्या संध्याकाळी पास्टर घरी आले. सायकल भिंतीला टेकवली, पाणी मागितलं. म्हणाले, "बाई, ठाण्यात बोलावलं तर तू त्यांच्या कागदावर सही करून दे. मी म्हातारा झालो. तुझं माहेर तुटू नये."

मी त्यांच्यावरही भडकले. "तुमच्यासाठी नाई करून रायली मी! तिथं प्रार्थनेत माह्यासंगं जे झालं ते झालं. ते झालंच नाई म्हनू का?"

त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि सायकल घेतली. रविवारी प्रार्थनेला निम्मी माणसं आली. आलेल्यांतली एक बाई म्हणाली, क्षमा कर भावाला आणि गप बस. क्षमा मी करीन. आज नाही जमत, उद्या करीन. पण क्षमा म्हणजे गप बसणं, हे हिला कोणी शिकवलं?

सोमवारी ठाण्यात बोलावलं. नवरा मिल बुडवून सोबत आला, बाहेर उभा राहिला. बाकावर दादा होता, काका होता. जमादारानं कागद पुढे ओढला. मी मोठ्यानं सांगितलं. मला आमिष कोणी दाखवलं नाही. मशीन भावानं दिलेली आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, हवं तर डॉक्टरला दाखवा.

जमादारानं विचारलं, "पयल्यांदा कोन घेऊन गेलं तुमाले तिथं?"

दादानं मान वर केली. तेच डोळे. मला पाणी दिसलं, बांधी दिसली, वाळलेली लोंबी दिसली. त्याची लेकरं दिसली, मी ज्यांना अंगाखांद्यावर खेळवलं.

"माह्या भावानं," मी म्हणाले. "हा बसला नं, यानं. अंगनात मी खोटं बोलली होती. ते खोटं मी वापस घेते. लिवा."

काका उठून उभा राहिला. दादानं तोंड दोन्ही हातांत घातलं.

"अन् पुढचंबी लिवा," मी म्हणाले. "याच्या बांधीचं पानी कोनं अडवलं, कायले अडवलं, अन् माह्या सहीच्या बदल्यात कोन सोडनार होता. नाव मी सांगते."

जमादाराची लेखणी थांबली. तो काकाकडे बघू लागला.

"त्याच्याकडे काय पायता? सांगनारी मी आहे. लिवा."

त्यानं लिहिलं. मी प्रत्येक ओळ वाचली आणि मग सही केली. ही सही माझी आहे. उद्या कोर्टात दादा समोर असेल, माय असेल, अख्खं गाव असेल. मी हेच सांगणार. यातला एक शब्द बदलणार नाही.