डोकावणे यांची भुवई

सदर इसमाचे वय अठ्ठावन्न. उंची मध्यम, बांधा मध्यम, आवाज घोगरा. व्यवसाय: चिनीमातीच्या कारखान्यात भट्टीप्रमुख, हाताखाली कोणी नाही. धर्म: यहुदी. सदर इसम शब्बाथ पाळतो, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत कामाला, विस्तवाला व विजेच्या बटणाला हात लावत नाही. वैवाहिक स्थिती: समाधानकारक, असे पत्नीने कळवले आहे. ओळखीची कायमस्वरूपी खूण: उजवी भुवई नाही.

भुवई कुठे गेली हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. भट्टीच्या दाराला छातीच्या उंचीवर एक भोक असतं आणि त्यात मातीची गुडदी, म्हणजे बूच, बसवलेली असते. भट्टी तापत असताना गुडदी काढून आतला रंग पाहावा लागतो, त्याला इलाज नाही. पण बर्नर बंद झाले की पुढचे दीड-दोन दिवस भट्टीने आपली आपण गार व्हायचं असतं आणि माणसाने गप्प बसायचं असतं. ह्या दुसऱ्या भागाशी त्यांचं कधी जमलं नाही. दर तासाला ते गुडदी काढत, उजवा डोळा भोकाला लावत, “हं” म्हणत आणि गुडदी परत लावत. एवढं करून समाधान झालं नाही की दाराच्या वरच्या दोन विटा जरा सैल करून पाहत. कपबशांसारख्या पातळ मालाला ही गार हवा सोसत असे. त्यांना सगळे ‘डोकावणे’ म्हणत. नवीन माणसांना ते आडनाव वाटे आणि एका व्यापाऱ्याने तर त्यांना डोकावणेसाहेब म्हणून भेटकार्डही पाठवलं होतं.

कारखाना त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत असे. त्या हंगामात एका शाळेच्या प्रयोगशाळेसाठी खोल, जाड काठांची सिंकं करायची होती. पहिली भट्टी उघडली तर निम्म्या सिंकांना तडे. माती बदलली. दुसऱ्या भट्टीत पुन्हा तडे. गॅसवाल्याला बोलावून चार शब्द सुनावले, बर्नर साफ करून घेतले. तिसऱ्या भट्टीतली सिंकं तर अशी तडकली होती की त्यात पाणी सोडण्यापेक्षा त्यातून पाहणं सोपं.

“दादा,” भावोजी एका फुटक्या सिंकावर बसून म्हणाले, “माती बदलली, गॅस पाहून झाला. भट्टीवाला तेवढा बदलायचा राहिलाय.”

“म्हणजे मी काय केलं?”

“तेच विचारतोय. ही शेवटची भट्टी. हीही गेली तर भट्टीच्या गॅसची किल्ली माझ्याकडे द्या आणि पुढे विक्रीच्या टेबलावर बसा. पंखा आहे तिथे.”

तीस वर्षं ती किल्ली डोकावण्यांच्या पट्ट्याला लटकत होती. विक्रीच्या टेबलावर लोक कपबशा हातात घेत, परत ठेवत आणि निघून जात. असल्या ठिकाणी पंख्याखाली बसून मरायचं, ह्या विचाराने त्यांना जेवण गोड लागेना.

त्यात आणखी एक मेख निघाली. शाळेची लॉरी रविवारी दुपारी येणार होती, म्हणजे भट्टी गुरुवारी पेटवून शुक्रवारी दुपारी बंद करायला हवी होती. इतक्या वर्षांत डोकावण्यांनी शुक्रवारी भट्टी कधी गार व्हायला सोडली नव्हती. शब्बाथला विस्तवाशी संबंध नको, हे सगळ्यांना सांगायचं कारण. खरं कारण असं की त्या दिवशी कामाची पाहणी करायलाही मनाई आहे, आणि न पाहता भट्टी सोडणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने तान्हं मूल बाकावर ठेवून निघून जाण्यासारखं होतं.

ते आपल्या धर्मगुरूंकडे, रब्बींकडे, गेले. रब्बी ऐंशीच्या घरातले, शिडीवर उभे राहून पुस्तकांच्या फळीचा स्क्रू पिळत होते.

“फक्त पाहिलं तर चालेल का?” डोकावण्यांनी विचारलं. “हात लावणार नाही. म्हणजे गुडदीला लावेन, तेवढाच.”

“पाहून काय करणार?”

“काही नाही.”

“मग पाहू नकोस आणि काही करूही नकोस. तेवढंच होईल.”

“पण रब्बी, माणसाने प्रयत्न करायला हवा की नको?”

“करायलाच हवा. नाही तर मी शिडीवर कशाला चढलो असतो?”

“आणि देवावर विश्वास?”

“आहे ना. म्हणून दोनच स्क्रू लावतोय. नसता तर तुझ्यासारखे आठ लावले असते आणि भिंतच खाली आली असती.”

हा वाद काही त्या दोघांनी काढलेला नव्हता. माणसाने पेरावं, औषध घ्यावं, दुकान वेळेवर उघडावं. पीक, गुण आणि गिऱ्हाईक मात्र देणारा दुसरा आहे, एवढ्यावर यहुदी पंडितांचं एकमत आहे. पेरणं कुठे थांबवायचं ह्यावर ते पिढ्यान्पिढ्या भांडत आले आहेत. वाळवंटात पूर्वजांसाठी आकाशातून अन्न पडे, ते त्या दिवसापुरतंच वेचायचं असे, आणि ज्यांनी उद्यासाठी म्हणून राखून ठेवलं त्यांच्या भांड्यांत किडे झाले, ही गोष्ट डोकावणे दरवर्षी प्रार्थनामंदिरात ऐकत. दरवर्षी त्यांच्या मनात एकच शंका येई, की रात्री कुणीतरी झाकण उघडून पाहिलं असणार.

“पण आपला प्रयत्न कुठे संपला, हे माणसाला कळायचं कसं?” त्यांनी शेवटी विचारलं.

रब्बी शिडीवरून एक पायरी उतरले. “इतर दिवशी मलाही कळत नाही. शुक्रवारी कळतं. सूर्यास्ताची वेळ कॅलेंडरवर छापलेली असते.”

शुक्रवारी दुपारी डोकावण्यांनी बर्नर बंद केले, धुराड्याची झडप लावली, गुडदी बसवली आणि तिच्या कडेने ओली माती लिंपली. एरवी ते माती लिंपत नसत, कारण ती तासाभरात पुन्हा खरवडावी लागे. ते घरी गेले, अंघोळ केली, शुभ्र सदरा घातला. बायकोने मेणबत्त्या लावल्या. त्यांनी त्या ज्योतींकडे इतका वेळ एकटक पाहिलं की तिला राहवेना.

“त्यातही सिंकं ठेवलीत का?”

शनिवारी प्रार्थना आटोपून दोघं पायी घरी निघाली. दोन वळणं झाल्यावर बायको थांबली.

“घर त्या बाजूला आहे.”

“पाय मोकळे करतोय.”

“पाय बरोबर कारखान्याकडेच मोकळे होतात का हो तुमचे?”

“रस्ता सगळ्यांचा आहे.”

“काल सूर्यास्तापूर्वी मंद आचेवर ठेवलेल्या माझ्या पातेल्याचं झाकण अजून कुणी उघडलेलं नाही,” ती म्हणाली. “इतक्या वर्षांत एकदा तरी जळलंय?”

ते चालत राहिले. कारखान्याचं फाटक उघडं होतं. आत भट्टीसमोर भावोजी उभे, अंगात बनियन, एका हातात लोखंडी सळई आणि दुसऱ्या हातात गुडदी. कडेची माती खरवडून खाली पडलेली. भावोजी जन्माने यहुदी असले तरी शब्बाथच्या बाबतीत फारसे काटेकोर नव्हते, आणि कारखाना त्यांचा होता.

“बरं झालं आलात, दादा,” ते म्हणाले. “अजून लालसर दिसतंय. लॉरी उद्या दुपारी येतेय. वरच्या चार विटा काढल्या तर सकाळपर्यंत गार होईल, काय म्हणता?”

डोकावण्यांनी भट्टीकडे पाहिलं, मग भावोजींकडे. भावोजींच्या हातात सळई होती, चेहऱ्यावर काळजी होती आणि डोळा भोकाकडे लागला होता. हे ध्यान आपण कुठेतरी पाहिलं आहे असं त्यांना वाटलं. कुठे, हे लक्षात यायला थोडा वेळ लागला, कारण ते ध्यान त्यांनी आतापर्यंत फक्त आतूनच पाहिलं होतं.

“आज शब्बाथ आहे,” ते म्हणाले.

“तुम्हाला.”

“भट्टीलाही.”

भावोजी हसले, आणि सळई विटेच्या सांध्याला लावली. तेव्हा डोकावण्यांची बायको पुढे झाली.

“भावोजी, जेवायला चला. मुलं परगावी गेल्यापासून पातेलं उरतं.”

“वहिनी, पाच मिनिटं.”

“पाच मिनिटांत गार होतं ते. भट्टीसारखं नाही आमचं.”

नणंदेच्या नवऱ्याला वहिनीचा आग्रह मोडता येत नाही. गुडदी त्यांनी जाता जाता कशीबशी भोकात खोचली.

ती दुपार लांबली. डोकावण्यांनी भावोजींना दुसऱ्यांदा वाढायला लावलं, तिसऱ्यांदा वाढायला लावलं. मग लग्नात कोण कुणावर रुसलं होतं ते काढलं. आपल्या मृत सासऱ्यांच्या दम्याची हकिगत आरंभापासून सांगितली. भावोजी दोनदा उठले, दोनदा फळं आली. शेवटी ते खुर्चीतच मान टाकून झोपले तेव्हा डोकावणे हळूच स्वयंपाकघरात गेले.

“हा तुमचा विश्वास की खटपट?” बायकोने कुजबुजत विचारलं.

“मी काही केलं नाही. पाहुणा आला, जेवला.”

“हो. आणि दम्याने मारलंत त्याला.”

तीन तारे दिसले. निरोपाची मेणबत्ती पेटली, द्राक्षरसात विझली, शब्बाथ संपला. भावोजी तेवढ्याचीच वाट पाहत होते.

“चला, आता तुमची काही अडचण नाही. काढू या विटा.”

अडचण खरोखरच नव्हती. कॅलेंडरवर आता काही छापलेलं नव्हतं. डोकावण्यांनी किल्ली पट्ट्याला लावली, चपला घातल्या, दारापर्यंत गेले आणि तिथे उभे राहिले. बायको पाहत होती. त्यांनी चपला काढल्या.

“उद्या,” ते म्हणाले.

“दादा, लॉरी?”

“लॉरीवाला चहा पितो का?”

लॉरीवाला रविवारी दुपारभर चहा प्याला आणि वर चार शब्द बोलला, ते भावोजींनी ऐकून घेतले. संध्याकाळी डोकावण्यांनी विटेवर तळहात ठेवला. कोमट. दार मोकळं केलं, एकेक सिंक बाहेर काढून बोटाच्या पेराने वाजवलं. प्रत्येक सिंक खणखणीत वाजलं. एकच, भोकाच्या अगदी समोर ठेवलेलं, बद्द वाजलं. त्याला काठापासून तळापर्यंत तडा होता.

भावोजींनी आपण कशीबशी खोचलेली गुडदी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

“एखादं जातंच,” भावोजी म्हणाले.

“जातंच,” डोकावणे म्हणाले.

किल्लीचा विषय पुन्हा निघाला नाही. भावोजींनी मात्र पुढे सगळा जाड माल शुक्रवारीच गार व्हायला सोडायचा असं ठरवलं आणि ह्याला ते नवी पद्धत म्हणू लागले. रब्बींच्या कानावर ते गेलं तेव्हा ते म्हणाले, “ह्याला विश्वास म्हणत नाहीत. ह्यांनी देवाला भट्टीवर नोकरीला ठेवलंय.” मग त्यांनी माल कसा निघतो ते विचारलं. चांगला निघतो, असं डोकावण्यांनी सांगितलं.

इतर वारी ते अजूनही गुडदी काढतात, पण पूर्वीपेक्षा कमी. हात जातो, मग ते तो खिशात घालतात.

पुढल्या वर्षी सदर इसम ओळखपत्राचे नूतनीकरण करण्यासाठी संबंधित कार्यालयात समक्ष हजर झाला. कारकुनाने जुन्या पत्रावरील मजकूर वाचला, समोर पाहिले, पुन्हा वाचला. भुवई उगवली होती.