फाटकाचा खांब

ईरा, अन्वय — फाटकाच्या खांबाची गोष्ट तुम्हा दोघांना तोंडपाठ आहे. दर दिवाळीला व्हिडिओ कॉलवर तुम्ही ती माझ्याकडून वदवून घेता. टेस्ट ड्राइव्हची गाडी आजोबांनी रस्त्यावर जायच्या आधीच कशी ठोकली, इथवर आलं की तिकडे तुम्ही आणि इकडे मी, सगळेच हसतो. त्या गोष्टीतलं एक वाक्य मी नेहमी गाळत आले आहे. तुमच्या आईलाही ते माहीत नाही. आजोबांना माहीत होतं, आणि ते आता नाहीत.

मुद्दाम मराठीत लिहिते आहे. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. त्या भाषेत मला फार नीटनेटकं लिहिता येतं. इतकं, की त्यात माणूस आरामात लपून बसतो. तुम्हाला वाचायला वेळ लागेल. लागू दे.

क्रमाने सांगायचं तर आधी दुसरा खांब येतो. गुलमंडीच्या बाजारातला.

तुमची आई तेव्हा शाळेतही जात नव्हती. आमच्याकडे एक सेकंडहँड मोटार होती आणि मला नुकतंच लायसन्स मिळालं होतं. कॉलेजच्या मैदानावर शिकले होते, साडीचा पदर खोचून. एके दिवशी सोयगावहून मामंजी आले, म्हणजे माझे सासरे. घरात लग्न होतं, बस्ता बांधायचा होता. ते कापडाच्या दुकानात बसलेले, मी बाहेर गाडीजवळ, आणि तुमचे आजोबा गाडी मागे घेत होते. घेता घेता दुकानासमोरच्या दगडी खांबावर त्यांनी ती घातली. मागचा दिवा फुटला, पत्रा आत गेला. आवाजाने मामंजी बाहेर आले.

आजोबा खाली उतरले आणि शांतपणे म्हणाले, "हिच्या हातात दिली होती जरा."

मामंजींनी आधी पत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाईच्या हातात लगाम देतो व्हय रं? लई शिकलेला तू!" दुकानाच्या पायरीवरचे सगळे हसले. माझ्या दोन्ही हातांत खरेदीच्या पिशव्या होत्या. गाडी चालवणाऱ्या बाईच्या हातात पिशव्या कशा, असं एकाच्याही मनात आलं नाही. मी का बोलले नाही? सासऱ्यांसमोर नवऱ्याला खोटं पाडायचं नसतं, असं मला वाटत होतं. संध्याकाळी आजोबा म्हणाले, "अगं, बाबांपुढे काय सांगणार मी? घरातल्या घरात आहे, विसरून जा."

पण ते घरातल्या घरात राहिलं का? प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला ती गोष्ट निघायची. हळूहळू आजोबांचाच तिच्यावर विश्वास बसला. "गाडीला कान लागतो," ते म्हणायचे, "आणि हिला तो नाही." किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात गेली ती कायमची. मी रिक्षाने कॉलेजात जात राहिले. तिथं मुलांना इंग्रजी कवितेतली लय कानाने ओळखायला शिकवत होते, आणि घरी मला कान नव्हता!

त्यांना मात्र कान होता, हे कबूल करते. गल्लीतून जाणाऱ्या स्कूटरचा आवाज ऐकून ते पेपरमागूनच सांगायचे की हिचा प्लग गेलाय. शेजारी खरोखर येऊन विचारायचे. ते त्यांचं वैभव होतं.

आता फाटक. आम्ही म्हातारे झालो होतो, जुनी गाडी विकली होती आणि आजोबांच्या मनात ती छोटी इलेक्ट्रिक गाडी भरली होती, डबीएवढी, शहरातल्या शहरात फिरायला. शोरूमने गाडी घरी पाठवली. घेऊन आली बजाजनगरची एक मुलगी, प्रियंका. चटपटीत, बोलकी. "काका, आवाज नाय येणार हं हिला. इथं हिरवी अक्षरं उमटली की समजायचं, झाली सुरू." आजोबांनी मान हलवली, पण ते ऐकत नव्हते. एक मुलगी आपल्याला गाडी काय शिकवणार? ते बॉनेटकडे कान करून उभे होते.

मी ऐकत होते. प्रत्येक शब्द.

आजोबा चालकाच्या जागी बसले, मी शेजारी, ती मागे. तिने सांगितलं तसं त्यांनी ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं, गिअरचा गोल खटका फिरवला. हिरवी अक्षरं उमटली. तेवढ्यात वाऱ्याने फाटक लोटलं गेलं. "थांबा काका, ब्रेकवरचा पाय काढू नका," म्हणत ती उतरून पुढे गेली.

तुम्हाला मी इथून पुढे काय सांगते? 'आजोबांना कळलंच नाही की गाडी सुरू आहे, दिला दाबून पाय!' खरं आहे ते. मला कळलेलं होतं, हे मी सांगत नाही. मी गप्प बसले — बरीच वर्षं मी स्वतःलाही एवढंच सांगत आले. गप्प बसले. पण तेही खरं नाही.

ते माझ्याकडे वळले. गाडीबद्दल त्यांनी मला काही विचारण्याची ती आयुष्यातली पहिली वेळ.

"सुरू झाली का गं? मला काहीच ऐकू येत नाही."

त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. घाबरलेला होता. खरोखर विचारत होते ते. आणि माझ्या डोळ्यांसमोर हिरवी अक्षरं होती.

मी म्हणाले, "नाही वाटतं. थोडी रेस देऊन बघा."

जुन्या गाड्यांना अशी रेस द्यायचे, ॲक्सिलरेटर दाबून इंजिन घुरघुरवायचे, म्हणजे कानाला कळे. त्यांचा पाय ती सवय विसरणार नाही, हे मला ठाऊक होतं. त्यांनी ब्रेकवरचा पाय उचलला आणि रेस दिली.

फाटकाशी ती मुलगी होती. मी पाहिलं नव्हतं, असं म्हणायला मला आवडेल. पाहिलं होतं. ती बाजूला उडी मारू शकली म्हणून वाचली. कोपर भिंतीवर घासून सोलवटलं. गाडी खांबावर गेली. धावत येऊन तिने पहिलं काय विचारलं? "काका, लागलं का वो तुम्हाला?"

शेजारीपाजारी जमले. आजोबा उतरले, मी उतरले. आता ते म्हणतील, 'हिनंच सांगितलं' — मी वाट पाहत होते. उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, कित्येक वर्षं घासून ठेवलेलं. गाडीच्या टपावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग त्या मुलीला म्हणाले, "माझी चूक, बेटा. मला कळलं नाही."

तरीही मी माझं उत्तर वाया जाऊ दिलं नाही. जमलेल्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गाडीला कान लागतो म्हणायचे. आता कान राहिला नाही यांना." लोक हसले. तेही थोडे हसले.

त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. तीच गाडी आम्ही घेतली, आणि म्हातारपणी मी पुन्हा शिकले. तुम्ही फोनवर टाळ्या वाजवल्या होत्या, आठवतं? आजोबा शेजारी बसायचे, दोन्ही हातांनी पट्टा धरून. गल्लीत एखादी स्कूटर खोकली तरी पेपरमधून मान वर करायचे नाहीत. शेजाऱ्यांनी विचारलं तर म्हणायचे, "आता नाही कळत." कान शाबूत होता त्यांचा. त्यावरचा विश्वास मी काढून घेतला होता. आणि ते बघून मला बरं वाटायचं. गुलमंडीतून गाडी नेताना तर मी मुद्दाम त्या खांबाजवळ वेग कमी करायची. ते खिडकीबाहेर बघत राहायचे.

त्या मुलीच्या कोपराची मला लाज वाटते. आजोबांच्या बाबतीत — कधी वाटते, आणि कधी अजूनही वाटत नाही.

दोन्ही खांबांची गोष्ट तुम्ही पुढे कोणाला सांगाल, न सांगाल. हिशेब मात्र असा आहे: गुलमंडीतला खांब त्यांनी ठोकला. फाटकाचा मी.