आग्रहाचा भात

योकोहामात आमच्या घरापासून दोन स्टेशनांवर, एका अरुंद गल्लीत, फक्त आठ खुर्च्यांचं एक हॉटेल आहे. मेनूकार्ड नाही. लाकडी ओट्यापलीकडे सत्तरीला टेकलेले आचारी उभे असतात. ते देतील ते, देतील त्या क्रमाने गुमान खायचं. एरवी हॉटेलात वेटरला दहा सूचना करणारी मी तिथे शहाण्या मुलीसारखी बसते.

गेल्या एप्रिलात आईला तिथे न्यायचं ठरवलं, त्याला कारण होतं. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं आणि आईचं खाणं तुटलं होतं. पुण्याहून ती माझ्याकडे आली तेव्हा तिचे ब्लाउज खांद्यावरून उतरत होते. सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, काही निघालं नव्हतं. रोज जेवताना मी विचारायची, “आणखी वाढू?” ती म्हणायची, “पुरे.” तीन आठवडे हेच चाललं होतं. बाबांच्या मागोमाग हीसुद्धा निघाली की काय, असं मला वाटायला लागलं होतं.

बुकिंगसाठी फोन करून आई शाकाहारी असल्याचं सांगितलं, तर आचाऱ्यांनी माझी उलटतपासणीच घेतली. मासे नाहीत, मग अंडं? कांदा-लसूण? सूपच्या पाण्यात माशाचा अर्क? इथल्या अकरा वर्षांत मी त्या अर्काकडे काणाडोळा करायला शिकले होते. “चालेल थोडासा,” मी म्हणाले. “तुम्हाला नाही, आईंना विचारा,” ते म्हणाले. विचारलं. आई म्हणाली, “अजिबात नको.” मग त्यांनी तिच्यासाठी समुद्री शेवाळ आणि वाळवलेली अळंबी रात्रभर भिजवून वेगळं पाणी तयार केलं.

दुपारी बाराला आम्ही पोचलो. आईचे पाय खुर्चीवरून लोंबकळत होते. आचाऱ्यांच्या बायकोने ते पाहिलं आणि तिच्या पायाखाली छोटा पाट आणून ठेवला. असली माणसं पाहिली की मी विरघळतेच.

पहिल्यांदा तिळाचं टोफू आलं, सुपारीएवढं. “तुझ्या बाबांनी विचारलं असतं, हे चव बघायला दिलंय का,” आई पुटपुटली, पण बशी चाटूनपुसून संपवली. मग त्या वेगळ्या पाण्यात शिजवलेले बांबूचे कोवळे कोंब. मग रानभाज्यांची भजी, एकेक भजं तळून थेट तिच्यापुढे. मी तिरक्या नजरेने तिच्या बश्या बघत होते. सगळ्या रिकाम्या परत जात होत्या.

शेवटी आचाऱ्यांनी मातीचं भांडं आमच्यासमोर उघडलं. पांढऱ्याशुभ्र भातात हिरवेगार मटार.

“अगं, हा तर मटारभात!” आई म्हणाली. मसाला नाही, फोडणी नाही, फक्त मीठ. तिने वाटी संपवली. आचाऱ्यांनी हात पुढे करून विचारलं, आणखी? आईने वाटीवर तळवा धरला. “पुरे.”

मी ते जपानीत सांगितलं. त्यांनी मान लववून झाकण ठेवलं. आईची नजर मात्र त्या झाकणावरच राहिली.

ती नजर पाहिली आणि मला बाबा आठवले. आईने “पुरे” म्हणायचं आणि बाबांनी “अगं, मी एकटा कसा संपवू?” म्हणत तिच्या पानात एक डाव घालायचा. ती कुरकुरायची आणि जेवायची. आमच्या घरात पहिलं “पुरे” नुसती रीत होती. हे मी कशी विसरले? मला स्वतःचीच लाज वाटली.

“माझं चुकलं,” मी आचाऱ्यांना म्हणाले. “आमच्याकडे पहिला नकार खरा धरत नाहीत.”

त्यांनी गंभीरपणे विचारलं, “मग कितवा?”

“तिसरा.”

त्यांनी भांडं उचललं, ओट्याला वळसा घालून ते आईशेजारी येऊन उभे राहिले आणि झाकण काढून पुन्हा विचारलं, आणखी?

“नको हो, खरंच,” आई म्हणाली.

ते हलले नाहीत. कमरेत वाकून त्यांनी आणखी एकदा विचारलं. आईने माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि वाटीवरचा हात काढला. तिसऱ्या नकाराची वेळ आलीच नाही. त्यांनी तळाची खरपूस खरवडही तिला वाढली.

ती खाली मान घालून जेवत होती. अर्धी वाटी संपल्यावर म्हणाली, “हे गेल्यापासून कुणी असं विचारलंच नव्हतं गं.”

मी रोज विचारत होते. एकदाच.