शेळीने फाडलेला कागद

तिसऱ्या पेटीचं झाकण काढलं, तर तिच्यातही मेलेल्या मधमाश्याच हाताला लागल्या, उकळून फेकलेल्या चहापत्तीसारख्या ओल्या. यंदा आमच्या डोंगरावर गवतावरचं दव गोठत होतं. माश्यांना ऊब मिळावी म्हणून सुनेने स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवरचा प्लॅस्टिकचा कागद चारही पेट्यांना घट्ट गुंडाळला. आत वाफ कोंडली, तिचं पाणी झालं आणि माश्या भिजून गारठल्या.

चौथ्या पेटीचा कागद शेळीने शिंगं घासून फाडला होता. त्यापायी तिने सुनेच्या हातचा मारही खाल्ला होता. मी पेटीवर टिचकी मारून कान लावला.

"आत्याबाई, आहे का काही?" सुनेने विचारलं.

"गप गं, ऐकू दे!"

आत गुणगुण होती! जिवाला ऊब लागते, तशी श्वासाला फटही लागते. आपण माया करायला बसलो की आधी फटी बुजवतो.

"अगं, जित्या आहेत!" मी ओरडलेच.

सुनेनेही कान लावला आणि हसत सुटली. "आता शेळीच्या पाया पडू का?"

"पड की! माझ्या तरी कुठे रोज पडतेस?"

चार पेट्यांतली ती एकच जगली.