अमडापूरच्या पुढचा एक खांब

बुलढाणा जिल्ह्यात जाते म्हटल्यावर प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच: लोणार बघणार ना? मीही तीन दिवसांच्या बेतात तिसरा दिवस लोणारसाठी ठेवला होता. मी लोणारला गेले नाही. त्यामुळे सरोवराचे फोटो शोधत कुणी इथं आलं असेल, तर आधीच सांगून टाकते, या लेखात एका विजेच्या खांबाची गोष्ट आहे.

माझं काम थोडं सांगायला हवं. पुण्यात आमची बारा माणसांची कंपनी आहे. आम्ही कामगारांच्या प्रशिक्षणासाठी खास चष्म्यांवर चालणारे धडे बनवतो. चष्मा घातला की समोरचं खरं दिसतंच, शिवाय त्यावर आम्ही काढलेलं चित्र उभं राहतं. रिकाम्या मैदानात खांब दिसतो, तारा दिसतात, चालू तार लाल, बंद तार हिरवी. शिकणाऱ्यानं हात पुढं करून स्विच ओढायचा, चुकला तर चष्मा सांगतो. विजेची कामं घेणाऱ्या एका ठेकेदार कंपनीनं आम्हाला एका खऱ्या अपघातावर धडा करायला सांगितला होता. तीन वर्षांपूर्वी चिखली तालुक्यातल्या एका गावात त्यांचा एक वायरमन खांबावर शॉक लागून दगावला होता. चौकशी अहवालात कारण लिहिलं होतं: स्विचचा दांडा त्यानं अर्धाच ओढला, लाइन बंद झाल्याची खात्री केली नाही, तारांना जमिनीशी जोडणारी साखळीही टाकली नाही. मी कंपनीनं पाठवलेल्या फोटोंवरून खांब काढला, पिवळ्या हेल्मेटचा एक बिनचेहऱ्याचा माणूस काढला, आणि त्याच्याकडून या तीन चुका करून घेतल्या. अहवालातली मापं मात्र फोटोंशी जुळत नव्हती. मीच म्हटलं, जाऊन मोजून येते.

शिवाजीनगरहून सकाळी सहाची एसटी धरली. जालन्याला गाडी बदलून देऊळगाव राजामार्गे चिखली. जालन्यापर्यंत रस्ता उत्तम, पुढं काही ठिकाणी काम चालू आहे, पाठीची काळजी असेल तर मागची सीट घेऊ नका. सोयाबीन निघालं होतं, कापूस फुटायला लागला होता. चिखलीत बसस्टँडजवळच्या लॉजवर सातशे रुपयांत स्वच्छ खोली मिळाली, खाली शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. भाजी इतकी तिखट की मालकानं न मागता दही आणून ठेवलं. लॅपटॉप, चष्मा, मोजायचं लेझर असं सगळं तपासून मी झोपले. काम सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खामगाव गाडीनं अमडापूर, तिथून काळीपिवळी जीपनं गाव. गावाचं नाव लिहीत नाही. फाट्यावर वानखेडे उभे होते, मला खांब दाखवायला ठेकेदार कंपनीच्या ऑफिसनं पाठवलेले लाइनमन. पन्नाशी उलटलेले, अंगानं सडपातळ. नमस्कार केला आणि पुढं चालू लागले. वाटेत मी पावसाचं विचारलं, पिकाचं विचारलं. ते हाव, नाही, एवढंच बोलले.

खांब एका तुरीच्या शेताच्या बांधावर होता. मी चष्मा घातला आणि माझा खांब खऱ्या खांबावर नेऊन बसवला. उंची दोन-तीन बोटांनी कमी होती, ती सुधारली. बाकी सगळं चपखल बसलं. आमच्या कामात असा क्षण आला की बरं वाटतं. मग स्विचकडं लक्ष गेलं. खांब गंजलेला, आडवे लोखंडी अँगल गंजलेले, आणि वरचा स्विच मात्र चकचकीत, बोल्टसुद्धा नवे. माझ्या चित्रातही तो नवाच होता, कारण मी फोटो बघूनच काढला होता. फोनचा कॅमेरा जवळ ओढून मी स्विचवरची पट्टी वाचली. बनवल्याचा महिना अपघातानंतर दोन महिन्यांचा होता.

मी वानखेड्यांना विचारलं, हा नंतर बसवला का? ते बांधावर बसले.

"जुन्याचं मधलं पातं अटकत होतं," ते म्हणाले. "तीन पाती असतात, म्याडम. दांडा खाली वढला का दोन उघडत, मधलं तसंच चिकटून राहे. खालून दिसे बंद. म्या दोन खेपा लिहून देल्लं होतं, कोनी बदललं नाही."

"पण अहवालात तर दांडा अर्धाच ओढला असं आहे."

"दांडा पुरा खाली होता. म्या सवता पाह्यला."

मग ते चौकशीत का सांगितलं नाही, असं मी विचारलं. आवाज चढू दिला नाही, तरी चढला असावा.

"मले इचारलं, साखळी टाकली होती का. म्या म्हटलं, नाही. दांड्याचं कोनी इचारलं नाही, अन् म्या बी सांगतलं नाही. रिटायर व्हाले चार वर्षं होते." मग म्हणाले, "दोन सेक्शन मिळून एकच साखळी होती. त्या दिवशी ती माह्यापाशी होती, दुसऱ्या गावाले."

मग त्यांनी चष्मा मागितला. मी तो त्यांच्या डोळ्यांवर चढवला आणि धडा चालू केला. पिवळ्या हेल्मेटचा माणूस आला, त्यानं दांडा अर्धा ओढला, तो चढला, लाल उजेड झाला, आणि खाली तीन चुकांची यादी आली. वानखेड्यांनी चष्मा काढून दोन्ही हातांनी परत दिला. "देविदास असा चढत नव्हता," एवढंच म्हणाले. तोवर मला त्या माणसाचं नावही माहीत नव्हतं. अहवालात ते काळ्या पट्टीनं झाकलेलं होतं.

खांब मोजणारी कुणी बाई आली आहे, ही बातमी गावात पोचली होती. आम्ही निघणार तेवढ्यात देविदासच्या पत्नी सुनंदाताई बांधावरून आल्या. गावच्या अंगणवाडीत त्या मदतनीस आहेत. काय मोजून राह्यल्या, असं त्यांनी विचारलं, आणि उन्हात उभ्यानं सांगण्यासारखं नाही हे माझ्या तोंडावरून ओळखून घरी चला म्हणाल्या. दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बाबासाहेब, शेजारी हार घातलेला देविदासचा फोटो. आत मुलगी प्रज्ञा होती, चिखलीच्या आयटीआयत दुसऱ्या वर्षाला, विषय वायरमनचा. त्या दिवशी तिला सुट्टी होती.

मी काय करते ते सांगितलं. घाबरत, अर्धवट सांगितलं. प्रज्ञाला लगेच समजलं. त्यांच्या आयटीआयत पुढच्या महिन्यात हेच चष्मे येणार असल्याचं सरांनी वर्गात सांगितलं होतं.

"त्याच्यात बाबा चूक करते का?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते. ती उठली नाही, रडली नाही, हातातल्या वहीची कड बोटानं सरळ करत राहिली.

वानखेडे आत आले नव्हते, दारातच उभे होते. तिथूनच त्यांनी सांगायला सुरुवात केली. चिकटणारं पातं, पुरा खाली ओढलेला दांडा, स्वतःजवळ असलेली साखळी. मला सांगितलं होतं त्याच क्रमानं, जवळपास त्याच शब्दांत. तीन वर्षं ते मनात हेच म्हणत आले असतील, असं मला वाटलं. त्यांचं बोलणं संपल्यावर सुनंदाताईंनी चहा गाळला आणि एक कप त्यांच्या हातात नेऊन दिला.

"किती खेपा या दारावरून गेले तुमी, भाऊ," त्या म्हणाल्या. वानखेड्यांनी मान वर केली नाही. चहा त्यांच्या हातात तसाच राहिला.

तिसऱ्या दिवशी मी लोणारऐवजी खामगावला गेले. एका स्टुडिओत स्विचवरच्या पट्टीचे मोठे फोटो काढून घेतले, बाजारपेठेतल्या एका टपरीवर चौकशी पुन्हा व्हावी असा अर्ज टाइप करून घेतला. सुनंदाताई सोबत होत्या. वानखेडे येतील असं आम्हाला वाटलं नव्हतं, पण ठेकेदार कंपनीच्या कार्यालयाबाहेर ते आधीच येऊन बसले होते, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. अर्जावर साक्षीदार म्हणून त्यांनी सही केली. आतले साहेब शांतपणे बोलले. चौकशी पूर्ण झाली आहे, स्विच नंतर बदलला यावरून जुना खराब होता हे सिद्ध होत नाही, आणि साखळी टाकली नव्हती हे तर तुम्हीही मान्य करता. वानखेड्यांना त्यांनी एवढंच विचारलं, नोकरी किती राहिली. वानखेडे म्हणाले, एक वर्ष. साहेबांनी अर्जावर पोच दिली.

खामगावहून शेगाव सोळा-सतरा किलोमीटर आहे, ऑटो आणि बस दोन्ही मिळतात, आणि पुण्याच्या गाडीला तिथून आरक्षण लवकर करावं. मी केलं नव्हतं. भुसावळपर्यंत दाराजवळ बॅगेवर बसून आले.

पुण्यात पोचल्यावर मी फोटोंसह सविस्तर पत्र लिहिलं. आमच्या साहेबांनी ते ग्राहकाकडं, म्हणजे त्याच ठेकेदार कंपनीकडं पाठवलं, हे खरं. उत्तर दोन ओळींचं आलं: वाद असेल तर खरी घटना काढून टाका, काल्पनिक खांब करा. मी म्हटलं, निदान चिकटलेलं पातं एक प्रसंग म्हणून ठेवू या, पोरांना वर बघायची सवय लागेल. त्यावर कळवण्यात आलं की त्यानं शिकणाऱ्यांचा साहित्यावरचा विश्वास कमी होतो. मी नोकरी सोडली नाही. घराचा हप्ता आहे, ही सबब सगळ्यांकडे असते, माझ्याकडेही आहे. नऊ दिवसांत नवा धडा करून दिला. त्यात देविदास नाही, म्हणजे त्याची चूकही नाही. त्या वेळी मी स्वतःची यावर समजूत घातली.

अर्जाला अजून उत्तर नाही. वानखेड्यांची बदली घरापासून लांबच्या तालुक्यात झाली, शेवटचं वर्ष ते तिकडं काढताहेत. चिखलीचं तिखट आणि तो रस्ता विसरेन, पण दारात उभ्या असलेल्या त्या माणसाच्या हातातला कप विसरणार नाही.

मागच्या आठवड्यात प्रज्ञाचा फोन आला. चष्म्याची परीक्षा झाली होती, तिला पूर्ण मार्क मिळाले होते. मी अभिनंदन केलं.

"त्याच्यात दांडा वढला का तिन्ही पाते उघडतात, ताई," ती म्हणाली. "दर खेपेले. मी धा खेपा वढून पाह्यलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमीच बनवलं ना ते?"

"हो," मी म्हटलं.

"चांगलं आहे," ती म्हणाली, आणि आईला हाक मारायला फोन घेऊन आत गेली.