वेंडोने लग्नाची तारीख कशी काढली

होर्ना लिपावा गावातला बर्फावरचा हॉकीवाला लग्न करतो ते हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात. वेंडेलीन ह्रबाचने, म्हणजे वेंडोने, मात्र मार्चमधला शेवटचा शनिवार धरला आणि त्यामागचा त्याचा हिशेब पक्का होता. गावाचा संघ दुसऱ्या लीगमधला. दरवर्षी कसाबसा बाद फेरीत शिरायचा आणि पहिल्याच झटक्यात बाद होऊन मार्च उजाडताना घरी बसायचा. गावात इतकी भरवशाची दुसरी गोष्ट नव्हती. बससुद्धा नाही.

वेंडो बचावातला गडी. लहानपणी गोठलेल्या तळ्यावर त्याला सरळ जाता यायचं, वळता यायचं नाही. मास्तरांनी वैतागून सांगितलं, "तू मागेच थांब. आणि जो येईल त्याच्यापुढे आडवा पड." पुढे पंचवीसेक वर्षं तो इमानेइतबारे आडवा पडत आला. तीन क्लब झाले, दोन्ही गुडघे झाले, पुढचे चार दात गेले. त्याने मारलेला प्रत्येक गोल त्याच्या आईला तोंडपाठ होता, त्यासाठी स्मरणशक्ती फारशी लागत नव्हती. बचाववाल्याचं नशीबच तसलं. चेंडूच्या जागी फिरणाऱ्या रबरी चकत्या शंभर अडवल्या तरी कुणाच्या लक्षात राहत नाहीत; सुटलेली एक मात्र मयताला जमलेली माणसंही उकरून काढतात.

झेल्मीरा दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. पहिल्या भेटीत वेंडोचा अर्धा चेहरा बधिर होता आणि तोंडात कापूस कोंबलेला होता, त्यामुळे तो तिला बराच समजूतदार वाटला. तिचे वडील गेझाकाका म्हणजे स्टेडियममध्ये उभ्याने सामना बघायच्या स्टँडमधले ढोलवाले. जावई बचाववाला म्हणून त्यांना थोडी लाज होती. पण आपल्याच संघातला, म्हणून चालवून घेतलं.

तर तारीख ठरली, अग्निशमन दलाचा हॉल ठरला, आणि त्या वर्षी संघाला काय झालं देव जाणे, संघ जिंकायला लागला.

पहिली फेरी जिंकली तेव्हा झेल्मीरा हसली. दुसरी जिंकली तेव्हा तिने वेंडोला स्वयंपाकघरात गाठलं.

"तू मला शब्द दिला होतास, हराल म्हणून."

"अगं, आम्ही रोज तेच म्हणतोय. समोरचे ऐकत नाहीत!"

"आणि ही दाढी?"

"बाद फेरी संपेपर्यंत काढायची नसते. अपशकुन होतो."

"फोटोत मी अस्वलाशेजारी उभी राहणार तर!"

अंतिम फेरीत सातांपैकी चार सामने जिंकायचे, आणि समोरचे तीन-दोनने पुढे. सहावा सामना गुरुवारी, आपल्याच बर्फावर. हरलं तर सगळं संपलं, शनिवारी निवांत लग्न. जिंकलं तर सातवा सामना शनिवारीच, डोंगरापलीकडे, आणि संघाची बस नेमकी लग्नाच्या वेळेला निघणार.

"लग्न पुढे ढकला," गेझाकाका म्हणाले.

"जेवणाचं डुक्कर कापून झालंय, बाबा. त्याला कसं पुढे ढकलू?" झेल्मीरा म्हणाली. "शनिवारी अकरा वाजता मी चर्चच्या दारात असेन. ज्याला यायचं त्याने यावं."

आता गावाला गणित सोपं झालं. गुरुवारी वेंडोच्या हातून काही सुटलं, तर ते त्याने मुद्दाम सोडलं. बेकरीवाली पाव देताना डोळा मारू लागली. बुधवारी खुद्द कोच कुबीश यांनी त्याला बाजूला घेतलं.

"वेंडो, खरं सांग. उद्या तुला बसवू का बाहेर?"

वेंडोला जन्मात इतकं लागलं नव्हतं, आणि त्याला लागलेलं काय काय होतं ते गुडघ्यांना विचारा. "कोच, मला बाहेर बसवलंत तर मी लग्नालाही जाणार नाही," तो म्हणाला. संध्याकाळी हे झेल्मीराच्या कानावर गेलं. बरं नाही झालं.

गुरुवारी वेंडो असा खेळला की विचारू नका. मांडीने चकती अडवली, बरगडीने अडवली, एकदा गळ्याने अडवली. बरोबरी झाली, जादा वेळ सुरू झाला; आता पहिला गोल करेल तो जिंकणार. स्टँडमध्ये गेझाकाका ढोल फोडत होते. मग समोरच्या एका पोरसवदा फॉरवर्डने लांबून, जाळी कुठे आहे हे न बघताच, एक फटका हाणला. जाऊ दिला असता तर चकती बाहेर गेली असती. पण आडवं पडायचं ही जन्माची सवय. वेंडो पडला, जरा उशिरा पडला, आणि चकती त्याच्या ढुंगणावर आपटून मऊपणे आपल्याच जाळीत गेली.

ढोल थांबला. त्या शांततेत वरून कुणीतरी ओरडलं, "नवरदेवाचं अभिनंदन!"

शनिवारी लग्न झालं. झेल्मीरा इतकी खुलली होती की पाद्रीही दोनदा अडखळला. हॉलमध्ये सूप वाढेपर्यंत रिवाजाप्रमाणे वेंडोच्या संघातल्यांनी नवरी पळवली आणि समोरच्या दारूच्या गुत्त्यात नेऊन बसवली. नवऱ्याने पळवणाऱ्यांना दारूची खंडणी देऊन तिला सोडवायचं असतं. वेंडो सोडवायला गेला, मागोमाग सगळं वऱ्हाड. टेबलापुढे सहा दाढीवाले फॉरवर्ड उभे.

"खंडणीत दारू नको," कॅप्टन इम्रिख म्हणाला. "खुर्चीवर चढ आणि सांग. मुद्दाम केलंस की नाही?"

वेंडो चढला. समोर टेबलामागे झेल्मीरा, गाल लाल, डोळ्यांत कौतुक, आपल्यासाठी हरला म्हणून. दाराशी गेझाकाका, हाताची घडी घालून.

"मुद्दाम असेल तर मला बाबा म्हणायचं नाही," ते म्हणाले.

"अरे गाढवांनो," वेंडो म्हणाला, "समोरची जाळी मला हातात स्टिक घेऊन, डोळे उघडे ठेवून सापडत नाही. मागची ढुंगणाने नेम धरून सापडेल? तेवढं जमत असतं तर मी इथे तुमच्यात कशाला सडलो असतो!"

मग कोच कुबीश यांनी मान हलवली. "खरंय. त्याला ते जमण्यातलं नाही." आणि गुत्त्यात हशा पिकला. गेझाकाकांनी डोळे पुसले. गावात वेंडोची अब्रू परत आली. मठ्ठ म्हणून, पण आली.

झेल्मीरा तेवढी हसत नव्हती.

"म्हणजे तुला जिंकायचं होतं."

"हो."

"आणि जिंकला असतास तर आज अकरा वाजता कुठे असतास?"

खोटं बोलायला हीच वेळ होती. पण वेंडोला वळता कुठे येत होतं! "बसमध्ये," तो म्हणाला.

झेल्मीराने ग्लास रिकामा केला. "पोरांनो, मला कुणाला देऊ नका." आणि त्याला म्हणाली, "जिंकायची हौस आहे ना? ये मग."

सहाही जण खांद्याला खांदा लावून उभे राहिले. वेंडोने कोट काढून गेझाकाकांच्या हातात दिला. आयुष्यात तो कधी पुढे धावलेला नव्हता आणि त्या सहांनी आयुष्यात कधी कुणाला अडवलेलं नव्हतं, त्यामुळे जे झालं त्याला खेळ म्हणता येणार नाही. दोन बाकं मोडली. इम्रिखच्या दाढीत लोणच्याची काकडी अडकली. वेंडो चक्क टेबलाखालून, शर्टाची एक बाही गमावून, पलीकडे निघाला.

झेल्मीराने त्याच्याकडे वरून पाहिलं. मग जरा सरकून बाकावर जागा केली. माफ केलं असं ती आजही म्हणत नाही.